मध्ययुगीन शस्त्रें व चिलखतें : इतिहास आणि खेळांतील कोष्टकें

सन १९७४ मध्यें गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं अमेरिकेंत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा एक खेळ प्रसिद्ध केला. पट मांडून सोंगट्या हलविण्याचा हा खेळ नव्हे. चारपांच जणांनीं एकत्र बसावें, प्रत्येकानें योद्ध्याची, चोराची किंवा मांत्रिकाची भूमिका घ्यावी, एकानें सूत्रधार होऊन प्रसंग सांगावा, आणि प्रत्येक कृतीचें यशापयश फाशांवरून ठरवावें, असें त्याचें स्वरूप आहे. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. २०२४ सालींही एक सुधारलेली आवृत्ति निघाली. संगणकावरील या जातीच्या खेळांवरही त्याची छाप मोठी आहे. इतिहाससंशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकानें अशा खेळाची दखल कां घ्यावी, असा प्रश्न वाचक करतील. त्यास उत्तर हें कीं, यूरोपांतील मध्ययुगीन तरवार केवढी होती, चिलखत कसें होतें, याविषयीं तरुण वाचकांच्या मनांत जी पहिली कल्पना उभी राहते, ती पुष्कळदां संग्रहालयांतून येत नाहीं. ती या खेळांच्या ग्रंथांतील कोष्टकांतून येते.

कल्पित कथेंत पंखांचे सर्प अग्नि ओकतात आणि मांत्रिक वीज पाडतात. त्याबद्दल आमची कांहींच तक्रार नाहीं. कवीला व खेळकऱ्याला तेवढी मोकळीक असलीच पाहिजे. परंतु त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या पानावर तरवारीचें नांव, वजन, किंमत व मारा असे रकाने पाडून आंकडे दिलेले असतात. सर्पाला कोणी खरा मानीत नाहीं. आंकड्याला मात्र सगळे मानतात. कोष्टक बोलतें तें साक्षीदाराच्या सुरांत, आणि जो साक्ष देतो त्याची उलटतपासणी होणें न्याय्यच आहे. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस ही पद्धति नवी नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड काढला, तेव्हांपासून बखर ही अस्सल कागदाशीं ताडून पाहण्याची संवय आम्हांस लागलेली आहे. बखर टाकून द्यावयाची नसते. कोणत्या बाबतींत तिच्यावर विसंबावें आणि कोणत्या बाबतींत विसंबूं नये, एवढें ठरवावयाचें असतें. तीच कसोटी येथें लावूं. मात्र येथें अस्सल कागदाची जागा संग्रहालयांतील लोखंडाला द्यावी लागेल.

प्रथम वजनाचा मुद्दा घेऊं. या खेळाचा खेळाडूंसाठीं लिहिलेला विस्तृत ग्रंथ १९७८ सालीं निघाला. त्यांत शस्त्रांचीं वजनें सोन्याच्या नाण्यांत दिलेलीं असून दहा नाण्यांचा एक पौंड धरलेला आहे. त्या हिशेबानें 'लाँगस्वोर्ड' सहा पौंड, 'बास्टर्ड स्वोर्ड' दहा पौंड आणि दोन हातीं तरवार पंचवीस पौंड, म्हणजे अकरा किलोहून अधिक भरते. आतां प्रत्यक्ष अवशेष पाहावे. यूरोपांतील संग्रहालयांत जतन झालेल्या मध्ययुगीन एकहातीं तरवारी बहुतेक एक ते दीड किलोच्या आंत बसतात. सोळाव्या शतकांतील लढाईच्या मोठ्या दोन हातीं तरवारीही सामान्यतः दोन ते साडेतीन किलोच्या आहेत. त्याहून पुष्कळ जड नमुने आढळतात ते बव्हंशीं मिरवणुकींत मानचिन्ह म्हणून उभे धरून नेण्याचे होत; त्यांनीं कोणी लढत नसे. अकरा किलोचें लोखंड दोन हातांनीं एकदां उचलतां येईल; तें फिरवून, थांबवून, परत फिरवीपर्यंत प्रतिपक्षी वाट पाहात उभा राहणार नाहीं.

न्यायाची गोष्ट म्हणून येथें एक खुलासा नोंदविला पाहिजे. पुढच्याच वर्षीं, १९७९ सालीं, सूत्रधारासाठीं जो ग्रंथ निघाला त्यांत ग्रंथकारानें स्पष्ट म्हटलें आहे कीं, ओझ्याचे हे आंकडे निव्वळ वजनाचे समजूं नयेत. वस्तु वागविण्यास किती अडचणीची आहे हेंही त्यांत मिळविलेलें आहे. खुलासा समर्पक आहे. परंतु तो राहिला दुसऱ्या ग्रंथांत, आणि कोष्टक राहिलें पहिल्या ग्रंथांत 'वजन' या मथळ्याखालीं. खुलासा वाचणारे थोडे, आंकडा पाठ करणारे फार. मूळ लेखकाची सावधगिरीची ओळ गळून पडते आणि त्याचा आंकडा तेवढा हातोहात पुढें जातो, हा प्रकार आम्हीं वंशावळींत व कैफियतींत किती वेळां पाहिला आहे! पुढील आवृत्त्यांतून मात्र आंकडे उतरत गेले. १९८९ सालीं दोन हातीं तरवार पंधरा पौंडांवर आली, २००३ सालीं आठांवर, आणि २०१४ सालीं सहांवर. 'लाँगस्वोर्ड' तीन पौंडांवर आली. म्हणजे पंचवीस पौंडांपासून सहा पौंडांपर्यंत यावयास छत्तीस वर्षें लागलीं. उशीरा कां होईना, चूक दुरुस्त करण्याची ही तयारी प्रशंसनीय आहे, हें आम्ही मोकळेपणानें म्हणतों.

वजन सुधारलें तरी नांवें सुधारलीं नाहींत. ज्या शस्त्राला खेळांत 'लाँगस्वोर्ड' म्हणतात तें मुख्यतः एका हाताचें, ढालीबरोबर वापरण्याचें शस्त्र आहे. चौदाव्या व पंधराव्या शतकांतील जर्मन शस्त्रगुरु ज्याला लांब तरवार म्हणत, ती लांब मुठीची व दोन्ही हातांनीं चालविण्याची तरवार होती. खेळांत तिला 'बास्टर्ड स्वोर्ड' हें नांव मिळालें. 'ब्रॉडस्वोर्ड' हा शब्द तर सतराव्या-अठराव्या शतकांतला. बारीक पात्याच्या दरबारी तरवारीपासून रुंद पात्याची लष्करी तरवार वेगळी दाखविण्यासाठीं तो रूढ झाला. तो उचलून मध्ययुगांत नेऊन ठेवणें म्हणजे यादवांच्या दप्तरांत कंपनीचा शिक्का मारण्यासारखें आहे.

नांवांपेक्षांही मोठा दोष असा कीं, कोष्टकाच्या एका ओळींत पांच शतकें दडपलेलीं आहेत. इंग्लंडांतील ईवर्ट ओकशॉट (१९१६–२००२) यांनीं मध्ययुगीन तरवारींचें जें वर्गीकरण केलें, त्यांत दहापासून बाविसापर्यंत रोमन अंकांनीं प्रकार मोजलेले आहेत. पात्याचा आकार, त्यावरील पन्हळ, पात्याचा छेद व मुठीची लांबी यांवर तें आधारलेलें आहे. त्यांतील दहाव्या प्रकारचें पातें रुंद, चपटें, पन्हळीचें व छाटण्यासाठीं केलेलें. पंधराव्या प्रकारचें पातें निमुळतें, ताठ, मधोमध कणा असलेलें व भोसकण्यासाठीं केलेलें. हा बदल कां झाला? अंगावरील कड्यांच्या चिलखतावर पोलादी पत्रे चढूं लागले, छाटण्याचा वार वायां जाऊं लागला, आणि सांध्यांतील फटी शोधणारें टोंक हवेंसें झालें. तरवारीच्या आकारांत प्रतिपक्ष्याच्या चिलखताचा इतिहास उमटलेला असतो. ज्या कोष्टकांत दोन्ही एकमेकांपासून तोडून वेगवेगळ्या पानांवर मांडलीं आहेत, त्यांत हा कार्यकारणभावच नाहींसा होतो.

आतां चिलखतांकडे वळूं. २०१४ च्या ग्रंथांत चामड्यावर जाड कड्या शिवून केलेलें 'रिंग मेल' आणि चामड्यावर खिळे ठोकून केलेलें 'स्टडेड लेदर' असे दोन प्रकार आहेत, आणि २०२४ च्या आवृत्तींतही ते कायम आहेत. यांचा उगम शोधूं गेल्यास आपण एकोणिसाव्या शतकांत जाऊन पोहोंचतों. सर सॅम्युएल रश मेरिक (१७८३–१८४८) यांनीं १८२४ सालीं प्राचीन चिलखतांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. ते मोठ्या योग्यतेचे संग्राहक होते. या शास्त्राला शिस्त लावण्याचें श्रेय पुष्कळ अंशीं त्यांचेंच आहे. परंतु जुन्या चित्रांत, शिल्पांत व बायोच्या भरतकाम केलेल्या पटांत चिलखत निरनिराळ्या खुणांनीं दाखविलेलें पाहून, प्रत्येक खूण म्हणजे चिलखताचा एक वेगळा प्रकार, असें त्यांनीं अनुमान केलें. वास्तविक हजारों कड्या एकेक करून काढणें चितारी व शिल्पी यांस अशक्य होतें. म्हणून कोणी वर्तुळें काढी, कोणी अर्धवर्तुळें, कोणी जाळी. खुणा अनेक होत्या; वस्तु बहुतेक ठिकाणीं एकच, म्हणजे एकमेकींत गुंतविलेल्या कड्यांचें चिलखत. विसाव्या शतकांतील अभ्यासकांनीं मेरिक यांचे हे काल्पनिक प्रकार सोडून दिले. क्लॉड ब्लेअर यांच्या १९५८ च्या ग्रंथानंतर त्यांविषयीं शंका राहूं नये. तथापि संशोधनांतून हद्दपार झालेला 'रिंग मेल' खेळांत सुखानें नांदत आहे.

'स्टडेड लेदर'ची कथा याहून बोधप्रद आहे. मध्ययुगाच्या उत्तरार्धांत कापडाच्या किंवा चामड्याच्या अंगरख्याला आंतून लोखंडी पत्रे खिळवीत. बाहेरून पाहणाऱ्याला खिळ्यांच्या डोक्यांच्या रांगा तेवढ्या दिसत. खरें संरक्षण आंत झांकलेलें असे. चित्रांत अर्थातच खिळेच दिसतात. ज्यानें केवळ चित्र पाहिलें त्याला वाटलें, हें खिळे ठोकलेलें चामडें. याचा निर्णायक पुरावा बाल्टिक समुद्रांतील गॉटलंड बेटावर मिळाला. तेथें विस्बी नगराच्या तटाबाहेर १३६१ सालीं डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार याच्या सैन्यानें बेटावरील शेतकऱ्यांची कत्तल केली. उन्हाळ्याचे दिवस असल्यामुळें प्रेतें घाईनें, पुष्कळांच्या अंगावरील चिलखतांसकट, खड्ड्यांत पुरलीं गेलीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ते खड्डे उकरले, तेव्हां अकराशेंहून अधिक माणसांचे सांगाडे हातीं आले. बेंग्ट थॉर्डेमान यांनीं त्या चिलखतांवर १९३९–४० सालीं दोन खंड प्रसिद्ध केले. कापड व चामडें कुजून गेलें होतें, आणि त्याच्या आंत जें असे तें, म्हणजे लोखंडी पत्रे, ओळीनें उरले होते. नडगीच्या हाडांवर घावांच्या खुणा वारंवार आढळल्या. धड झांकलेलें आणि पाय उघडे असलेल्या गरीब योद्ध्याचें चित्र त्यांतून स्पष्ट उभें राहतें. ज्या कोष्टकांत संरक्षणाचा एकच अंक सबंध देहाला लागू होतो, त्यांत या शेतकऱ्यांचे पाय कोठेंच बसत नाहींत.

कापडी चिलखताची तर खेळानें अगदींच उपेक्षा केली आहे. थर देऊन शिवलेला अंगरखा हा त्यांत सर्वांत निकृष्ट गणला जातो. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री यानें ११८१ सालीं शस्त्रांविषयीं जो हुकूम काढला, त्यांत सरदाराला कड्यांचें चिलखत, आणि नगरवासी व सामान्य स्वतंत्र प्रजा यांना शिवलेला अंगरखा, लोखंडी टोप व भाला बाळगण्याची आज्ञा आहे. राज्याच्या संरक्षणासाठीं ज्याची सक्ति होते तें वस्त्र निरुपयोगी खास नसावें. शिवाय कड्यांच्या चिलखताखालींही असा जाड अंगरखा असेच. कड्या पातें अडवीत आणि कापूस वा ताग त्याचा धक्का शोषून घेई. दोन्ही मिळून एक चिलखत होतें.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र शस्त्र आणि चिलखत यांच्या परस्परसंबंधाविषयीं आहे. २०१४ च्या नियमांप्रमाणें कड्यांच्या चिलखताचा संरक्षणांक १६ आणि पत्र्यांच्या पूर्ण चिलखताचा १८ आहे. वार करणाऱ्यानें वीस बाजूंचा फासा टाकून त्यांत आपलें कौशल्य मिळवावयाचें. बेरीज संरक्षणांकाइतकी किंवा अधिक झाली कीं वार लागला. कौशल्याचा अंक ५ धरला तर कड्यांच्या चिलखतावर शंभरांत पन्नास वार लागतात आणि पोलादी पत्र्यांवर चाळीस. वार लागल्यावर तरवारीसाठीं आठ बाजूंचा फासा टाकतात, गुर्जासाठीं सहा बाजूंचा. म्हणजे सरासरी साडेचार व साडेतीन. याचा अर्थ असा कीं, नखशिखांत पोलादांत मढलेल्या योद्ध्याविरुद्ध गुर्जापेक्षां तरवार अधिक परिणामकारक! इतिहास नेमका उलट सांगतो. पत्र्यावर तरवारीच्या धारेचा वार निष्फळ होई, म्हणूनच गुर्ज, हातोडा व लांब दांड्याचा परशु यांचें महत्त्व वाढलें. इटलींतील फिओरे देई लिबेरी यानें १४१० च्या सुमारास आणि जर्मनींतील हान्स टालहोफर यानें १४६७ सालीं शस्त्रविद्येचे जे सचित्र ग्रंथ केले, त्यांत चिलखतधारी योद्धे तरवारीचें पातें मध्येंच डाव्या हातानें धरून तिचा आंखूड भाल्यासारखा उपयोग करतांना दिसतात. टालहोफरच्या चित्रांत तर पातें दोन्ही हातांनीं धरून मुठीकडील बाजूनें हातोड्यासारखा प्रहार करणारेही आहेत. ज्यांचा जीव पणास लागला होता त्यांनीं धार निरुपयोगी मानली. कोष्टकानें ती शिरोधार्य मानली.

हें ज्ञान खेळाच्या कर्त्यांना नव्हतें असेंही नाहीं. १९७८ च्या ग्रंथांत प्रत्येक शस्त्राचा प्रत्येक प्रतीच्या चिलखतावर काय परिणाम होतो याचें अधिक-उणें दाखविणारें मोठें कोष्टक होतें. १९८९ सालीं तें आटोपशीर होऊन ऐच्छिक झालें, आणि २००० सालच्या आवृत्तींत गळालें. वजनाच्या बाबतींत खेळ सत्याकडे सरकत होता, त्याच काळांत या बाबतींत तो सत्यापासून दूर जात होता. कारण उघड आहे. वजनाचा आंकडा बदलावयास श्रम पडत नाहींत. शस्त्र आणि चिलखत यांचा संबंध सांभाळावयाचा तर प्रत्येक वारास एक हिशेब वाढतो, आणि खेळणाऱ्यांस हिशेबाचा कंटाळा असतो.

चिलखताच्या ओझ्याविषयीं दोन्ही बाजूंनीं अतिशयोक्ति झालेली आहे. पंधराव्या शतकांतील लढाईचें पूर्ण चिलखत साधारण २० ते २५ किलोचें असे. खेळांत तें ६५ पौंड, म्हणजे साडेएकोणतीस किलोचें आहे. कड्यांचा लांब अंगरखा १० ते १४ किलोचा. खेळांत तें चिलखत ५५ पौंडांचें. अस्तर व हातमोजे त्यांत धरले तरी हा आंकडा चढाच वाटतो. १९४४ च्या 'हेन्री द फिफ्थ' या चित्रपटांत सरदाराला दोरखंडानें उचलून घोड्यावर बसविलेलें दाखविलें आहे. त्याला ऐतिहासिक आधार नाहीं. फ्रान्सचा सेनापति बूसिको (१३६६–१४२१) याच्या समकालीन चरित्रांत तो शिरस्त्राणावांचून बाकी सर्व चिलखत चढवून कोलांटी मारी, असें वर्णन आहे. तें स्तुतिपर चरित्र आहे, हें लक्षांत ठेवूनच तें वाचावें. उलटपक्षीं, २०११ सालीं लीड्स विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं चिलखत घातलेल्या अनुभवी माणसांचा श्वास मोजून असें दाखविलें कीं, चालण्यास नेहमींच्या दुपटीहून अधिक आणि धांवण्यास सुमारें दुप्पट शक्ति खर्च होते. पायांवरील पोलाद प्रत्येक पावलास उचलावें लागतें, आणि छातीवरील पोलाद दीर्घ श्वास घेऊं देत नाहीं. तात्पर्य, चिलखतधारी योद्धा चपळ होता, पण लवकर थकत होता. खेळांत मात्र तो मंद असतो आणि थकत नाहीं.

किमतीचेंही असेंच. खेळांत पत्र्यांचें चिलखत कड्यांच्या चिलखताच्या वीसपट महाग आहे. जर्मनींतील इझरलोन येथें पंधराव्या शतकांत कड्यांच्या अंगरख्यास ४.६ गुल्डन पडत आणि पत्र्यांच्या चिलखतास ४.३, असा आलन विल्यम्स यांनीं चिलखतांच्या धातुशास्त्रावरील २००३ च्या ग्रंथांत दाखला दिलेला आहे. हजारों कड्या वळवून रिबिटण्याची मजुरी आणि पत्रा ठोकून आकार देण्याची मजुरी यांचा हा हिशेब आहे. राजांसाठीं सोन्याच्या नक्षीचीं चिलखतें अतोनात महाग होतीं, हें खरें. परंतु शिपायाचें पोलादी चिलखत राजाच्या भावानें विकत मिळत नसे.

यावर कोणी म्हणेल, खेळ तो खेळ. त्यांत याहून अधिक कसें साधावें? हा बचाव आम्हांस मान्य नाहीं, कारण इतरांनीं तें साधलेलें आहे. १९७८ सालच्या 'रूनक्वेस्ट' या खेळांत घाव शरीराच्या कोणत्या अवयवावर बसला हें ठरवितात आणि त्या अवयवावरील चिलखत घावाचा जोर कमी करतें. त्याच्या कर्त्यांपैकीं स्टीव्ह पेरिन यांना लांकडी तरवारींच्या झुंजींचा प्रत्यक्ष अनुभव होता. २०१८ सालीं झेक कारागिरांनीं केलेला 'किंगडम कम : डिलिव्हरन्स' हा संगणकावरील खेळ १४०३ च्या बोहेमियांत घडतो, त्यांत अस्तर, कड्या व पत्रे एकावर एक चढवावे लागतात, आणि पत्र्यावर गुर्ज तरवारीपेक्षां सरस ठरतो. त्याचा खपही मोठा झाला. सत्य सांगितल्यानें खेळ बुडतो, ही भीति त्यावरून निराधार ठरते.

आपल्या वाचकांस हा विषय अगदींच परका नाहीं. दक्षिणेंत पोर्तुगीजांच्या द्वारें आलेल्या यूरोपीय पात्यांना देशी मुठी बसवून 'फिरंग' तयार होई. तिचें पातें जर्मनीचें किंवा इटलीचें, मूठ दख्खनची. नांवावरून वस्तु ओळखूं पाहणाऱ्या कोष्टकांत ही तरवार कोणत्या ओळींत घालावी? पातें पाहून, मूठ पाहून, मोजून व तोलूनच तिच्याविषयीं बोललें पाहिजे. वीरपुरुषांचीं शस्त्रें मणांत तोलण्याची खोड आपल्याकडेही आहे. तीस गौरव समजणारे हें विसरतात कीं, न पेलणारें शस्त्र हातीं देणें हा वीराच्या शहाणपणाचा उपमर्द आहे.

आमचा अभिप्राय थोडक्यांत असा. या खेळांनीं लक्षावधि तरुणांस मध्ययुगाविषयीं कुतूहल लाविलें. त्यांतील कित्येक पुढें जुन्या शस्त्रग्रंथांच्या अभ्यासाकडे वळले, हें ऋण मान्य केलें पाहिजे. परंतु कोष्टकांतील आंकडा इतिहासाचा पुरावा म्हणून कोणी पुढें करील, तर त्यास तीन प्रश्न विचारावे : हा आंकडा कोणत्या वस्तूचा, ती वस्तु कोणत्या काळची, आणि ती कोणीं तोलली? या प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं तर संग्रहालयांनींही आपला वांटा उचलला पाहिजे. शस्त्राच्या पाटीवर मालकाचें नांव व लढाई यांबरोबर त्याची लांबी, वजन आणि समतोलाचा बिंदु हीं छापलीं जावींत. आमच्या इकडील संग्रहांतील तरवारी, पट्टे, कट्यारी व बखतरें यांची अशी तोललेली यादी सिद्ध करणें हें कांहीं अवघड काम नाहीं. एक चांगला तराजू, एक मोजपट्टी आणि थोडी चिकाटी एवढ्यावर तें होण्यासारखें आहे. उद्यां मराठींत असा खेळ कोणी रचूं लागला, तर त्याच्या हातीं परक्या कोष्टकाची नक्कल पडण्यापूर्वीं ही यादी पडावी.